कोंबड्याचा मार्का

माझी वेबसाईट आहे. हे वाक्य अजून मी कोणाला तोंडाने सांगितलेलं नाही, इथे लिहिते आहे तेवढंच. वाडीत सांगितलं तर म्हणतील, म्हातारीक ह्या वयात काय सुचता बघा. पण मला काही सुचलं नव्हतं. सुचलं ते मुलीला.

मुलगी पुण्याला असते. दर रविवारी फोन करते. नवरात्र संपल्यावर एकदा म्हणाली, "आई, काही लिहिलंस?" मी म्हटलं, नाही. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तिने विचारलंच नाही. म्हणाली, "मी तुझी वेबसाईट करायला टाकली आहे." गिरणीत दळण टाकल्यासारखं.

मी लिहिते म्हणजे काय, तर सातवीपर्यंत शिकलेली बाई जेवढं लिहील तेवढं. कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून त्यावर बॉलपेनाने लिहायची सवय. आधी तालुक्याच्या साप्ताहिकात दोन-चार गोष्टी आल्या, मग दिवाळी अंकात. मग कणकवलीच्या एका छापखान्याने एक लहान पुस्तक काढलं, हिरव्या पुठ्ठ्याचं. ते वाचून लोकांची पत्रं यायची, अजून काय लिहिलंय ते कुठे वाचायला मिळेल म्हणून. हे सगळं आधीचं. श्रावणात माझा नवरा गेला आणि त्यानंतर कॅलेंडरची पानं तशीच साठत राहिली.

त्याचं दुखणं पाच दिवसांचं. सहाव्या दिवशी सकाळी गेला. घर माणसांनी भरलं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझी चुलतजाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रडान घे गो. आतल्या आत ठेवू नको." मी खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, त्याचं तोंड आठवलं, लग्नातलं आठवलं, काहीतरी येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. शेजारणीने आणलेल्या चहावर साय धरत होती, मी त्या सायीकडे बघत राहिले.

तेव्हापासून हे असंच आहे. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जड होतो ना, मुंग्या यायच्या आधी? तसं. दुखत नाही. उठता येतं, चालता येतं. आमटीत मीठ जास्त झालं तर शेजारीण सांगते तेव्हा कळतं. मुलीला हे मी सांगितलं नव्हतं, पण तिला फोनवरून कळलं असणार, म्हणून तर वेबसाईट. आईला कशात तरी गुंतवावं, असं तिला वाटलं. मला ते समजलं होतं. मी म्हटलं, चालेल.

चालेल, हा त्या दिवसांतला माझा शब्द.

तर दिवाळी झाल्यावर मी एसटीने कणकवलीला गेले. डेपोपासून थोडं पुढे एका मुलीचं दुकान आहे. तिशीतली असेल. लग्नपत्रिका करते, दुकानांच्या पाट्या करते, फ्लेक्स करते आणि वेबसाईटही करते. दुकानाच्या भिंतीवर अर्धे वाढदिवसाचे फ्लेक्स आणि अर्धे श्रद्धांजलीचे. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "काकी, काकांचा फोटो आहे माझ्याकडे. तुमच्या नाक्यावरचा फ्लेक्स मीच केला होता."

आणि मी काही म्हणायच्या आत तिने कॉम्प्युटरवर तो उघडलासुद्धा. त्यात तिने त्याला कोट घातला होता. काळा कोट, लाल टाय. उभ्या आयुष्यात त्या माणसाने कोट घातला नाही. लग्नातही पांढरा शर्ट. नाक्यावर तो फ्लेक्स तेरा दिवस होता, पण मी घराबाहेर पडले नव्हते, त्यामुळे बघायचा राहून गेला होता. बिचारी माझ्याकडे बघत होती, काकी आता रडतात की काय म्हणून. मी म्हटलं, "कोट बरा बसलाय."

मग ती कामाला लागली. वही घेतली. "काकी, आधी तुमचा ब्रँड ठरवू. लोगो, रंग, अक्षरं, सगळं त्यावरून येतं. तीन शब्दांत तुमची ओळख सांगा."

"सातवी पास."

"हे दोनच झाले."

"मग तिसरा तू घाल."

ती हसली. "आवडता रंग?"

"कुठलाही चालेल."

"तुमची साईट उघडल्यावर वाचणाऱ्याला काय वाटायला हवं?"

ह्याच्यावर मी खूप वेळ बसले. मला स्वतःला काही वाटत नव्हतं, तर लोकांना काय वाटावं हे मी कुठून आणू? शेवटी म्हटलं, "काही नाही वाटलं तरी चालेल."

तिने वही मिटली. "काकी, सगळ्यालाच चालेल म्हटल्यावर लोगो होत नाही हो. काहीतरी नको पण म्हणा."

तिने मग आपल्या मनाने तीन लोगो करून मोबाईलवर पाठवले. एकात दौत आणि पिसाची लेखणी. एकात समुद्र, माड आणि बुडणारा सूर्य. तिसऱ्यात माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरातून मोरपीस निघालेलं. मुलीला मोरपीस आवडलं. मी फोन करून दुकानवालीला म्हटलं, "बाय, मी बॉलपेनाने लिहिते." ती म्हणाली, बॉलपेनाचा लोगो चांगला दिसत नाही. पुन्हा गेले तेव्हा तिने कंटाळून कोरा कागद आणि स्केचपेन माझ्यापुढे ठेवलं. "तुमच्या हातालाच काही येतं का बघा. काहीही काढा."

मी कोंबडा काढला.

तिथे बसून जेमतेम पाच रेघांत काढला, विचार न करता. सही करावी तसा. ती वाकून बघत म्हणाली, "अय्या काकी, हा कुठला?"

हा कुठला ते तुम्हालाही सांगायला हवं. आमची आंब्याची कलमं आहेत. आचऱ्याच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या उतारावर. आंबा लाकडी पेटीत भरून वाशीला दलालाकडे जातो, आणि प्रत्येक बागायतदाराचा पेटीवर आपला मार्का असतो. पेट्या उतरवणारा हमाल काही प्रत्येक पेटी वाचत बसत नाही, चिन्ह बघतो आणि त्या थप्पीला लावतो. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या पेटीवर नवऱ्याच्या नावाची दोन अक्षरं असत. नेमकी तीच अक्षरं पलीकडच्या गावातल्या एका बागायतदाराची. दोन वर्षं पेट्यांचा घोळ झाला. आमचा माल त्याच्या नावावर, त्याचा आमच्या. नवरा वैतागून म्हणाला, काहीतरी चित्र हवं. मला एकच चित्र यायचं. मी चुलीतल्या कोळशाने जमिनीवर कोंबडा काढला. चोच उजवीकडे, तुरा तीन टोकांचा, शेपूट वर, एक पाय उचललेला. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून त्यात तो कापून घेतला, आणि पुढची चाळीस वर्षं तो पत्रा पेटीवर धरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचं काम माझं. हात त्याला इतका सरावला की त्या दिवशी दुकानात दुसरं काही उमटलंच नाही.

दुकानवाली खूश झाली. मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "आई, लेखिकेचा लोगो कोंबडा? लोकांना वाटेल इथे कोंबडी-वडे मिळतात."

"मिळतात असं लिही खाली. गर्दी होईल."

मुलगी पलीकडे हसली. मग म्हणाली, "आई, तू आत्ता विनोद केलास." मी केला असेन. जुन्या सवयीने तोंडातून येतं काहीबाही. तिला मात्र एवढा आनंद झाला की ती कोंबड्यावर तिथल्या तिथे तयार झाली.

दुकानवाली म्हणाली, कागदावरचा नको, मूळ पत्र्यावरूनच घेऊ, त्याला जुनेपणा आहे. ती एके दुपारी स्कूटरवरून आमच्याकडे आली. पत्रा मांगरात खिळ्याला असतो. मांगर म्हणजे घराबाहेरची, आंबा-भात ठेवायची खोली, माझी आणि दिराची सामाईक. दीर शेजारच्याच घरात राहतो. नवरा गेल्यापासून कलमं तोच बघतो, फवारणी, राखण सगळं. त्या दिवशी तो घरी नव्हता. मी पत्रा काढला, तिने अंगणात चादरीवर ठेवून मोबाईलने फोटो घेतले, पत्रा परत खिळ्याला लावला. चहा घेऊन ती गेली. ह्याच्यात कोणाला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

थंडी सरता सरता वेबसाईट दिसायला लागली. मुलीने घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. वर कोंबडा, त्याखाली माझं नाव, त्याखाली हिरव्या पुस्तकातल्या सहा गोष्टी. सगळ्यांनी अंगठे टाकले, फुलं टाकली. दिराने काहीच टाकलं नाही. तो स्वतः आला.

माझा दीर माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी ह्या घरात आले तेव्हा सतरा वर्षांचा होता. मी त्याला भावजी म्हणते, अहोजाहो करते. तो मला वैनी म्हणतो आणि एकेरी बोलतो, आमच्याकडे हे असंच असतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"वैनी, ह्यो कोंबो हय कसो इलो?"

"मीच दिलंय. पत्र्याचो फोटो काढून."

"कोणाक इचारून?"

मी म्हटलं, "भावजी, बसा तरी. चाय टाकतंय."

"नको माका चाय. मार्को घराचो आसा. दादाचो आसा. वाशीत लोक कोंबो बघून पेटी उचलतत, आतलो आंबो बघनत नाय. आमी आंबे इकतव, गजाली इकणव नाय."

गजाली म्हणजे गप्पा. माझ्या पुस्तकाला तो पहिल्यापासून गजालीच म्हणतो, प्रेमाने म्हणायचा. त्या दिवशी प्रेमाने नव्हतं.

आता नेमकं त्याच वेळी मुलीचा फोन आला, आणि मला ऐकू कमी येतं म्हणून माझा फोन नेहमी स्पीकरवर. ती आपल्या नादात. "आई, एक राहिलं, तो लोगो आपण तुझ्या नावाने रजिस्टर करून टाकू. म्हणजे दुसरं कोणी वापरू शकणार नाही."

दिराने ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. "बरा," म्हणाला. "म्हणजे उद्या मी पेटयेर मारूक तुजी परवानगी घेवची." आणि गेला.

ह्यानंतर पंधरा-वीस दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याची बायको यायची, भाजी द्यायची, काही घडलंच नाही असं बोलायची. तो मात्र अंगणातून जाताना मान दुसरीकडे. ह्या घरात चाळीस वर्षं मी आणि तो एका पंगतीला जेवलो. मला वाईट वाटायला हवं होतं. राग तरी यायला हवा होता, कारण कोंबडा माझा होता. जमिनीवर कोळशाने तो मी काढला होता, चाळीस वर्षं मी तो उमटवला होता, आणि दादाचा म्हणे. कोणाला सांगावं तर साक्षीला कोण? नवरा होता, तो गेला. एखाद्या गोष्टीला माझी म्हणावं अशी माझ्याकडे तीच एक होती. पुस्तकातल्या गोष्टीसुद्धा इकडच्या तिकडच्या माणसांच्या. हे सगळं मी स्वतःला समजावून सांगत होते, शाळेतल्या धड्यासारखं. कळत होतं. पोचत नव्हतं.

मुलगी म्हणाली, "आई, तू ठाम राहा. तू केलंयस ते." दुकानवाली म्हणाली, "काकी, काढू का? मोरपीस लावते परत." मी दोघींनाही म्हटलं, थांबा जरा. थांबून काय होणार होतं कोणास ठाऊक.

मग पहिला आंबा उतरला. यंदा कमीच, पण थोडा लवकरचा मोहर टिकला होता. मांगरातून खिळे ठोकल्याचा आवाज आला, रंगाचा वास आला. मी दरवर्षी ह्या वेळी तिथे असते. ह्या वर्षी मला कोणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही.

दुपार झाली तशी दीर आला. हाताला काळा रंग. ह्या वेळी उंबरा ओलांडून सरळ आत आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसला.

"वैनी, उलटो आसा गो."

"काय उलटो?"

"तुजो कोंबो. वेबसायटीवरचो. डाव्या हाताक बघता." त्याने मोबाईल काढला आणि दुसऱ्या हाताने खिशातून एक पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर ताजा मार्का मारून आणला होता, रंग अजून ओला. दोन्ही शेजारी धरले. पुठ्ठ्यावरचा उजवीकडे बघत होता. मोबाईलवरचा डावीकडे. दोघं एकमेकांकडे पाठ करून.

असं झालं होतं की पत्र्याच्या सुलट्या बाजूवर चाळीस वर्षांच्या रंगाची पुटं चढलेली. दुकानवालीला दुसरी बाजू त्यामानाने स्वच्छ दिसली, कडा साफ दिसल्या, म्हणून तिने त्या बाजूचा फोटो घेतला. तिला काय माहीत? कोंबडा तो कोंबडाच. पण माझ्या डोळ्यांसमोर घेतला. आणि पुढे दोन महिने मी तो मोबाईलवर रोज बघत होते. मुलीने विचारलं, आई बरोबर आहे ना, तर मी म्हटलं, चालेल. माझ्या हाताने काढलेलं चित्र उलटं झालं आणि मला दिसलं नाही.

दिराचा आवाज खाली आला. "तुका ठाऊक आसा ना, उलटो कधी मारतव ता?"

मला ठाऊक होतं. ज्या पेटीत डागी फळ, पावसाने काळे ठिपके पडलेलं नाहीतर कुठे घासलं गेलेलं, त्या पेटीवर नवरा मला पत्रा उलटा धरायला सांगायचा. वाशीच्या दलालाला आधीच कळवलेलं असायचं. डावीकडे बघणारा कोंबडा म्हणजे दुसऱ्या नंबरचा माल, त्या भावाने काढ. फसवणूक नको. आमच्या मार्क्याची पत होती ती त्यामुळेच.

"डागी मालाचो मार्को तुज्या नावावर," दीर म्हणाला. "दादान बघल्यान असता तर काय म्हणाल्लो? सगळ्यांच्या आधी माका धरल्यान असता, तू खंय होतंस म्हणान. त्या कणकवलीच्या चेडवाक सांग आनी सुलटो करून घे. माजी काय हरकत नाय. दितंय मी तुका."

बघा, पंधरा-वीस दिवस जो माणूस माझ्याकडे बघत नव्हता तो हे बोलत होता. मला जे हवं होतं ते पाटावर बसून देत होता. मी म्हटलं, आणि मुद्दाम नाही हो, आपसूक तोंडातून गेलं, "दितंय म्हणजे? तो काढलो कोणी?"

"तू."

"मगे?"

"माका ठाऊक आसा तू काढलंस ता. पत्रो मीच कापलंय." त्याने डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. मधोमध पांढरा व्रण होता. "छिन्नी लागलेली हय. तू हळद लावलंस आनी म्हटलंस, भावजी, तुरो बरो कापलात, पाय मात्र बदकाचो केलात."

मला हे आठवत नव्हतं. सांगितल्यावर आठवलं. पाय खरंच जरा बदकाचा आहे.

"म्हणजे दादान काय केल्यान?" मी विचारलं.

"दादान काय करूचा? दादान 'बरो झालो' म्हटल्यान आनी विडी पेटवल्यान."

आम्ही दोघंही हसलो. मी हसले म्हणजे तसा आवाज केला.

"मगे त्या दिवशी दादाचो, दादाचो म्हणान भांडलात कित्याक?"

तो हाताचा रंग नखाने काढत बसला. मग म्हणाला, "कपडे तू वाटून टाकलंस. खाट आतल्या खोलयेत गेली. चष्मो खंय गेलो कोणाक ठाऊक नाय. माज्याकडे काय रवला, सांग माका. आज सकाळी पेटयेर पत्रो धरलंय आनी मागसून आवाज इलो, वाकडो मारू नको रे. मी मागे वळान बघलंय, वैनी." आणि तो रडायला लागला. साठीचा माणूस, रंगाचे हात तोंडाला लावून. गालावर काळे पट्टे उठले.

मी त्याच्याकडे बघत बसले. तो रडत होता ते माझ्याच नवऱ्यासाठी. मी पदर पुढे केला, त्याने घेतला, तोंड पुसलं. माझ्या आत मी शोधलं. सहा-सात महिने शोधतेच आहे. काही हाताला लागलं नाही. नुसतं एवढं दिसत होतं की त्या पत्र्यातून त्याला आवाज येतो आणि मला येत नाही. मी तो पत्रा रोज बघितला असता, दुकानवालीने उलटा धरला असता, सुलटा धरला असता, मला सगळं सारखंच होतं. कोंबडा मी काढला असेन. पण आत्ता तो त्याच्याकडे जिवंत होता.

मी म्हटलं, "भावजी, सुलटो तुमी ठेवा."

"ठेवा काय? तुका पण घाल म्हणान सांगतंय मी."

"नको. माका उलटोच असू दे. दोन्ही सारखे नको. पेटयेर तुमचो, हय माजो."

"डागी गो तो!"

"वाशीची माणसां माजा खंय वाचतत?" मी म्हटलं. "आनी वाचल्यानी, तर त्यांका आधीच कळात कसलो माल आसा तो."

त्याला हसू आलं, रडण्यातच. "तू काय सुदारणस नाय," म्हणाला. मग चहा घेतला, दोन कप घेतले आणि पेट्या राहिल्यात म्हणून उठला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "आनी ता रजिस्टर?"

"कोण करता रजिस्टर? सांगतंय मी तिका."

मुलीला सांगितलं तेव्हा ती चिडली. "आई, तू तुझी गोष्ट त्यांना देऊन टाकलीस." मी म्हटलं, देऊन नाही टाकली, राहू दिली. तिला ह्यातला फरक पटला नाही. मला पटवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी कणकवलीहून फोन आला. दुकानवालीला दिरानेच फोन करून झापलं होतं, एवढा मोठा फोन आणि सुलटं-उलटं कळत नाही काय म्हणून. बिचारी घाबरलेली. "काकी, सॉरी हां. दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता फिरवते."

"फिरवू नको. असाच ठेव."

"उलटाच?"

"उलटाच."

तिच्या मागे कुठलं तरी मशीन फ्लेक्स छापत होतं. मग म्हणाली, "मग काकी, आपण एक करू. लोगोच्या खाली एक जागा आहे, लोगोमागची गोष्ट म्हणून. सगळे लिहितात तिथे, प्रेरणा वगैरे. तुम्ही सांगा, मी टाईप करते. लोकांना कळेल तरी उलटा का ते."

मी खुर्चीत बसले. बाहेर दीर पेट्या टेम्पोत चढवत होता, कोंबडे सगळे एका दिशेला. प्रेरणा काय सांगावी, मला सुचेना. ती तिकडे थांबून होती, टायपिंगला बोटं ठेवून.

"लिही," मी म्हटलं. "सुलटा माझ्या दिराकडे आहे."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. पूर्णविराम दे."